तापवल्यावर अणू फुगतात का? आणि पत्र्यातलं भोक लहान का होत नाही?

अणू फुगत नाहीत. लोखंड तापवलं तरी त्यातला प्रत्येक अणू होता तेवढाच राहतो, वाढतं ते शेजारशेजारच्या अणूंमधलं सरासरी अंतर. मधोमध भोक असलेल्या पत्र्याबद्दल तुम्ही जे विचारलंय, त्याचं उत्तरही इथेच दडलेलं आहे.

घन पदार्थातले अणू आपापल्या जागी सतत थरथरत असतात. ही थरथर सरासरी किती जोराची, ते तापमान सांगतं. उष्णता म्हणजे गरम वस्तूकडून गार वस्तूकडे जाणारी ऊर्जा. ती आत आली की सहसा थरथर वाढते.

‘थरथर वाढली म्हणून जागा जास्त लागते’ एवढ्यावरच बरेच जण थांबतात. मला ते अपुरं वाटतं. अणू जितका पुढे तितकाच मागे जात असता, तर सरासरी अंतर तसूभरही वाढलं नसतं! खरी गोम अणूंमधल्या बलात आहे. दोन अणू फार जवळ आले की प्रतिकर्षण, म्हणजे एकमेकांना दूर ढकलणारं बल, झपाट्याने वाढतं, पण ते दूर जाताना त्यांना मागे खेचणारं बल तितकं जोरकस नसतं. त्यामुळे थरथर वाढली की अणू आतल्या बाजूला थोडा आणि बाहेरच्या बाजूला जास्त सरकतो. प्रसरण होतं ते या असमतोलामुळे.

आकडा दिसायला किरकोळ आहे. १ मीटर लांबीची पोलादी पट्टी १ अंश सेल्सिअसने तापली तर साधारण ०.०१२ मिलिमीटर वाढते, ॲल्युमिनिअमची जवळपास दुप्पट. पण १ किलोमीटर पोलाद ४० अंशांनी तापलं की वाढ ४८ सेंटीमीटर होते. ही वाढ पूर्ण रोखून धरली, तर दर चौरस सेंटीमीटरवर जवळजवळ १ टन वजनाइतका ताण येतो. कडक उन्हात रेल्वेचे रूळ वाकू शकतात ते यामुळेच.

अपवादही आहेत. पाणी ० ते ४ अंशांदरम्यान तापवलं तर आकुंचन पावतं. शार्ल एदुआर गियोम यांनी १८९६ मध्ये शोधलेला इन्व्हार हा लोखंड-निकेलचा मिश्रधातू नेहमीच्या तापमानाला पोलादाच्या साधारण दहाव्या हिश्शानेच वाढतो. गियोम यांना १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता भोक. त्याच्या काठावर गोल रांगेत असलेले अणू डोळ्यांसमोर आणा. प्रत्येकाचं शेजाऱ्यापासूनचं अंतर वाढलं, तर त्या वर्तुळाचा परीघ वाढणारच, म्हणजे भोक मोठं होणार. ते लहान व्हायचं तर काठावरचे अणू तापल्यावर जवळ यायला हवेत. बेअरिंग (फिरत्या दांड्याला आधार देणारं कडं) तापवून शाफ्टवर, म्हणजे त्या दांड्यावर, चढवतात ते याच भरवशावर.

फक्त पत्रा सगळीकडून सारखा तापायला हवा. नुसता काठच तापवला, तर भोवतीचा गार भाग त्याला अडवून धरतो आणि भोक फारच कमी वाढतं.