दुखणं ओसरलं, पण सांधा सैलच

प्रश्न: पायरी उतरताना घोटा मुरगळला. बराच सुजलाय, पण लंगडत चालता येतं. एक्स-रे काढायलाच हवा का?

उत्तर: दर वेळी नाही. सुजेवरून हाड मोडलंय का ते कळत नाही. घोट्याच्या दोन्ही बाजूंना वर आलेल्या हाडांची मागची कड, टोकापासून वर 6 सेंटीमीटरपर्यंत, बोटाने दाबून पाहा. तिथे किंवा पावलाच्या मध्यावर, आतल्या-बाहेरच्या कडेच्या हाडावर कळ आली, किंवा चार पावलंही टाकता आली नाहीत, तर एक्स-रे हवाच. लहान मुलं आणि पाय बधिर असणारे मधुमेही यांनी मात्र स्वतः पारख करत बसू नये.

प्रश्न: फुटबॉल खेळताना गिरकी घेतली आणि गुडघ्यात ‘कट्’ झालं. दोन तासांत गुडघा टम्म फुगला. एक्स-रे नॉर्मल होता. आता दुखत नाही, पण वळताना गुडघा सटकतो.

उत्तर: ही लक्षणं एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत हाडांना जोडणारी दोरी (लिगामेंट), फाटल्याची वाटतात. एक्स-रेत हाडं दिसतात, लिगामेंट दिसत नाही. इतक्या झटपट आलेली सूज बहुधा सांध्यात रक्त साचल्याची असते. दुखणं थांबलं म्हणून निर्धास्त राहू नका. सटकणाऱ्या गुडघ्यावर खेळत राहिलात तर आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, फाटू शकते. ऑर्थोपेडिक डॉक्टर गुडघा हाताने पुढे ओढून किती सैल आहे ते तपासतील, मग एमआरआय सांगतील. गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट, एमसीएल, बहुतेकदा पट्टा आणि व्यायामाने जुळतं. एसीएल पूर्ण तुटलं तर आपसूक जुळण्याची खात्री नसते. तरीही ऑपरेशन सगळ्यांनाच लागतं असं नाही. वळणं-उड्यांचे खेळ सोडायला तयार असाल आणि मांडीचे स्नायू मजबूत केलेत, तर अनेकांचं भागतं. खेळायचंच असेल तर ऑपरेशननंतरही मैदानावर परतायला साधारण 9 महिने धरा. घाई करणारेच पुन्हा येतात.

प्रश्न: मालिश करावी का?

उत्तर: पहिले दोन-तीन दिवस अजिबात नको, शेकही नको. बर्फ कापडात गुंडाळून 15-20 मिनिटं ठेवा.

प्रश्न: तोच घोटा वारंवार मुरगळतो.

उत्तर: व्यायाम अर्धवट सोडलेला दिसतो. लिगामेंटला इजा झाली की पाऊल कुठे, कसं पडतंय याची जाणीवही मंदावते. भिंतीजवळ एका पायावर 30 सेकंद उभं राहा. जमू लागलं की डोळे मिटून. रोज, काही आठवडे. तरीही घोटा दगा देत असेल तर फिजिओथेरपिस्टना दाखवा.