पायथनमध्ये टाइप केलेला मजकूर पूर्णांक आहे की नाही, हे कसं तपासायचं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: 'इनपुट'ने वापरकर्त्याकडून आकडा घेताय आणि 'इझडिजिट'ने तपासताय, पण कोणी -५ टाकलं की प्रोग्राम ते नाकारतो. म्हणून 'फ्लोट' (म्हणजे दशांश संख्या) करून पाहिलंत, तर ३.७ सुद्धा आत शिरलं. मग पूर्ण संख्या ओळखायची खात्रीची पद्धत कोणती?

आधी एक शब्द नीट करून घेऊ, कारण निम्मा गुंता तिथेच आहे. शाळेच्या गणितात पूर्ण संख्या म्हणजे ०, १, २, ३ आणि पुढे. त्यात ऋण संख्या आल्या की त्यांना पूर्णांक संख्या म्हणतात. तुम्हाला -५ चालणार असेल तर तुम्हाला पूर्णांक हवाय. पण तुम्ही वय किंवा नग विचारत असाल, तर -५ नाकारलं हे बरोबरच झालं. यातलं काय हवंय ते तुम्ही ठरवायचं. पायथनला ते कळणार नाही.

पूर्णांक हवाय असं धरून चालते. मजकूर आधी तपासायचा आणि मग बदलायचा, असे दोन टप्पे करू नका. सरळ 'इंट' करा, म्हणजे मजकुराचा पूर्णांक करायला सांगा. जमलं तर तो पूर्णांक होता. नाही जमलं तर पायथन 'व्हॅल्यूएरर' देतो, तो पकडा. कोड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलाय, एडिटरमध्ये पायथनचे शब्द नेहमीसारखे इंग्रजीत लिहा:

व्हाइल ट्रू:
    मजकूर = इनपुट("किती? ")
    ट्राय:
        संख्या = इंट(मजकूर)
    एक्सेप्ट व्हॅल्यूएरर:
        प्रिंट("हा पूर्णांक नाही, पुन्हा टाका:", मजकूर)
    एल्स:
        ब्रेक

यात 'ट्राय'च्या आत एकच ओळ आहे, ती तशीच एकटी राहू द्या. पुढची आकडेमोडही तिथे कोंबली, तर तिच्यातला व्हॅल्यूएररही "पूर्णांक नाही" या नावाखाली दडून जातो आणि खरी चूक तासभर सापडत नाही. दुसरं, 'एक्सेप्ट'पुढे व्हॅल्यूएरर लिहायला विसरू नका. नुसतं 'एक्सेप्ट' ठेवलं आणि 'इनपुट'ची ओळही 'ट्राय'मध्ये घेतली, तर कंट्रोल-सी दाबूनही प्रोग्राम थांबत नाही. तो ते दाबणंही पकडतो आणि पुन्हा "किती?" विचारतो.

आता 'इझडिजिट' का नको ते सांगते. ते पूर्ण मजकुराकडे संख्या म्हणून बघतच नाही. एकेक अक्षर घेऊन "हा अंक आहे का?" एवढंच विचारतं. वजाचिन्ह अंक नाही, म्हणून -५ नापास. यावर 'एलस्ट्रिप'ने वजाचिन्ह काढून तपासा, असा उपाय बरेच जण सुचवतात. पण एलस्ट्रिप सुरुवातीची सगळी वजाचिन्हं काढतं. त्यामुळे --५ तपासणीत पास होतं आणि पुढे 'इंट'वर प्रोग्राम कोसळतो.

याहून वाईट प्रकार मी स्वतः पाहिलाय. माझ्या एका प्रोग्राममध्ये आधी इझडिजिट आणि मग इंट, असंच लिहिलं होतं. बरेच दिवस चाललं. एकदा कोणीतरी एका तक्त्यातला आकडा कॉपी करून चिकटवला. त्या आकड्याला तळटीप होती, आणि ती दाखवायला डोक्यावर बारका दोन लिहिला होता, वर्ग दाखवायला लिहितात तसा. इझडिजिटने त्याला अंक मानलं, कारण युनिकोडमध्ये (संगणकावरच्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांच्या यादीत) त्याची नोंद अंक अशीच आहे. इंटने मात्र नाकारलं, आणि व्हॅल्यूएरर पकडायला तिथे कोणीच नव्हतं. तपासणारा एक आणि काम करणारा दुसरा असला की दोघांचं मत कधी ना कधी वेगळं पडतं. तेव्हापासून मी दोन्ही कामं इंटलाच देते. ('इझडेसिमल' नावाचं कडक भावंड आहे, ते हा बारका दोन स्वीकारत नाही. पण वजाचिन्हाचा प्रश्न तिथेही तसाच राहतो.)

इंट स्वतः काय काय स्वीकारतं तेही माहीत असू द्या, कारण ते वाटतं त्यापेक्षा उदार आहे. मागेपुढे मोकळी जागा असली तर चालते, त्यामुळे वेगळं 'स्ट्रिप' करायची गरज नाही. +७ चालतं, ००७ चालतं. पायथन ३.६ पासून १_००० असं अंडरस्कोर घालून लिहिलेलंही चालतं. आणि आपल्या कामाची गोष्ट म्हणजे देवनागरी अंकही चालतात. कोणी मराठी कीबोर्डवरून ४२ टाकलं तर इंट बरोबर बेचाळीस देतं, वेगळं काही करावं लागत नाही. मला हे फार आवडतं, आणि विनाकारण बंद करू नये असं मनापासून वाटतं.

न चालणारं: रिकामा मजकूर, ३.०, स्वल्पविराम घातलेलं १,०००, आणि वजाचिन्हासारखी दिसणारी लांब रेघ. ही रेघ डोळ्यांना पटकन कळत नाही. वर्ड प्रोसेसर कधीकधी साध्या वजाचिन्हाची परस्पर लांब रेघ करतो, आणि तिथून कॉपी केलेलं -५ पायथनला परकं वाटतं. म्हणूनच वरच्या कोडमध्ये आलेला मजकूर जसाच्या तसा परत छापलाय, निदान काय आलं ते दिसतं. स्वल्पविराम गुपचूप काढून टाकायचा मोह होईल, पण काही देशांत तो दशांशचिन्ह असतो. तिथला माणूस साडेतीनसाठी ३,५ लिहील आणि तुम्ही पस्तीस समजाल. नाकारून पुन्हा विचारलेलं बरं.

३.० ला पूर्णांक मानायचं असेल, तर आधी फ्लोट आणि मग इंट हा रस्ता धरू नका. एक तर ३.७ चे गुपचूप ३ होतात. दुसरं, फ्लोट काही मर्यादेपर्यंतच प्रत्येक पूर्णांक अचूक धरतो. ९००७१९९२५४७४०९९३ हा आकडा फ्लोटमधून नेऊन पाहा, शेवटी ९९३ ऐवजी ९९२ मिळेल आणि कोणतीही चूक दाखवली जाणार नाही. शिवाय 'इन्फ' हा शब्द फ्लोटला अनंत म्हणून चालतो. त्याचा इंट करताना येते ती 'ओव्हरफ्लोएरर', आणि तुम्ही पकडताय व्हॅल्यूएरर. गरजच असेल तर 'डेसिमल' (दशांश संख्या अचूक धरणारा पायथनचा प्रकार) वापरा.

उलट, अगदी कडक तपासणी हवी असेल, म्हणजे एखाद्या फाइलमध्ये फक्त इंग्रजी अंकच यायला हवेत, तर रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर कसा दिसावा याचा साचा) घ्या. पण तिथे 'बॅकस्लॅश डी' (कोणताही अंक) लिहिलं तर पायथनमध्ये देवनागरी अंकही त्यात बसतात. म्हणून चौकटी कंसात शून्य ते नऊ असं स्पष्ट लिहा. आणि शेवटी डॉलर (मजकुराचा शेवट दाखवणारं चिन्ह) लावण्याऐवजी 'फुलमॅच' (पूर्ण मजकूर साच्याशी जुळवणारं फंक्शन) वापरा, कारण डॉलर शेवटची नवी ओळ चालवून घेतो.

दुसऱ्या भाषेत जाल तर हे सगळं बदलतं. जावास्क्रिप्टचं 'पार्सइंट' १२ नंतर अक्षरं असली तरी १२ देऊन मोकळं होतं, आणि 'नंबर' रिकाम्या मजकुराचं शून्य करतं. सी भाषेतलं 'एटूआय' तर "अबक"लाही शून्य देतं, म्हणजे खरा शून्य कोणता ते कळायला मार्गच नाही. त्यासाठी तिथे 'एसटीआरटूएल' वापरतात. जावा पायथनसारखीच चूक दाखवते, पण तिचा साधा इंट २१४७४८३६४७ ला संपतो आणि मोकळी जागाही ती चालवून घेत नाही.

पूर्णांक मिळाल्यावर मर्यादा वेगळी तपासा. वय असेल तर शून्यापेक्षा कमी नको, आणि तेव्हाचा संदेशही वेगळा द्या. ज्याने -५ टाकलंय त्याला "हा पूर्णांक नाही" सांगणं चूक आहे, कारण तो पूर्णांकच आहे. फोन नंबर, खाते क्रमांक वगैरे मात्र इंट करूच नका. त्यांची कोणी बेरीज करत नाही, आणि सुरुवातीचं शून्य गेलं की नंबरच बदलतो. ते मजकूर म्हणूनच ठेवा.

आता तुमच्या प्रोग्रामला एकेक करून हे देऊन बघा: काहीच न टाकता एंटर, नुसती मोकळी जागा, नुसतं वजाचिन्ह, -५, --५, +७, ००७, ३.०, १,०००, १_०००, मराठी कीबोर्डवरून ४२, आणि वर्ड प्रोसेसरमधून कॉपी केलेलं -५.