जुळे सोलापुरातील उन्हाळी शिबिर: उपक्रमांच्या यादीआधीची तयारी

आपण विचारले आहे की, सोलापूर शहराच्या जुळे सोलापूर भागात सहा ते बारा वर्षांच्या सुमारे चाळीस मुलांसाठी मे महिन्यात दहा दिवसांचे शिबिर घ्यायचे आहे, तिघी मैत्रिणी मिळून ते चालवणार आहात, सकाळी नऊ ते दुपारी एक ही वेळ योजली आहे आणि उपक्रमांची यादीही तयार आहे. तर फेब्रुवारीपासून आणखी कोणती तयारी करावी. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते आणि गेली अकरा वर्षे शहरात वेगवेगळ्या ठिकाणी अशी शिबिरे घेत आले आहे. उपक्रमांविषयी मी शेवटी लिहीन, कारण सोलापुरातले मे महिन्यातले शिबिर उपक्रमांमुळे सहसा बिघडत नाही. ते बिघडते वेळेमुळे आणि पाण्यामुळे.

सर्वांत आधी नऊ ते एक ही वेळ बदला. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीसच्या वर सहज जातो, काही दिवस त्रेचाळीस-चव्वेचाळीसपर्यंतही पोहोचतो, आणि एक वाजता शिबिर सोडणे म्हणजे मुलांना नेमक्या त्या उन्हात सायकलवर किंवा दुचाकीच्या पुढच्या टाकीवर बसवून घरी पाठवणे होय. शिबिराची वेळ ठरवताना ते किती वाजता सुरू करायचे यापेक्षा शेवटचे मूल घरात कधी पोहोचले पाहिजे याचा विचार आधी करावा. मी ती वेळ साडेदहा धरते, म्हणून शिबिर पावणेसातला सुरू करून सव्वादहाला संपवते. पालकांना सुरुवातीला हे फार लवकर वाटते. परंतु उन्हाळ्यात शाळा सकाळच्या सत्रात भरत असल्यामुळे मुलांना लवकर उठण्याची सवय लागलेली असते आणि पहिल्या दोन दिवसांनंतर तक्रार राहत नाही. मैदानावरचे खेळ साडेआठच्या आत संपवावेत आणि नंतरचा सगळा वेळ छपराखाली काढावा.

त्या छपराचीही नीट पाहणी करायला हवी. फेब्रुवारीत कोणतेही सभागृह थंड वाटते, त्यामुळे तेव्हाच्या अनुभवावर विसंबू नये. पत्र्याचे छप्पर असेल तर ती जागा सोडून द्यावी. वरच्या मजल्यावर थेट गच्चीखाली असलेली खोलीही दहा वाजेपर्यंत तापते. तळमजल्यावरची, वर आणखी एक मजला असलेली आणि समोरासमोर खिडक्या असलेली जागा सर्वांत चांगली, मग ती थोडी लहान असली तरी चालेल. वीज गेल्यावर पंख्याशिवाय तिथे अर्धा तास बसवेल का, हे एप्रिलमध्ये स्वतः बसून पाहावे. लग्नसराईमुळे मे महिन्यात सभागृहांना मोठी मागणी असते, म्हणून परवानगी तोंडी न घेता तारखा, वेळा, किल्ली कोणाकडे राहील आणि झाडलोट कोण करील एवढे सगळे लिहून सही घ्यावी.

आता पाण्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण याच बाबतीत माझ्याकडून मोठी चूक झाली होती. आपल्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड, पाळीने येते आणि ती पाळी उन्हाळ्यात पुढे-मागे होते. माझ्या तिसऱ्या वर्षी सभागृहाच्या व्यवस्थापनाने ‘टाकी भरलेली असेल’ असे तोंडी सांगितले आणि मी त्यावर विश्वास ठेवला. पिण्याच्या पाण्याचे जार आम्ही बाहेरून मागवले होते, त्यामुळे पाण्याची सोय झाली असे मी मानून चालले. प्रत्यक्षात दुसऱ्याच दिवशी टाकी रिकामी झाली, स्वच्छतागृहात पाणी उरले नाही आणि तिथे जाणे नकोसे झाले. मुलगे कसेबसे आडोसा शोधत होते. मुलींनी मात्र कोणालाही न सांगता वेगळाच मार्ग काढला: स्वच्छतागृहात जावे लागू नये म्हणून त्यांनी पाणी पिणेच बंद केले. चौथ्या दिवशी नऊ वर्षांची एक मुलगी उलटी होऊन कोसळली. सावलीत नेऊन, अंग पुसून आणि घोट घोट पाणी पाजून ती तासाभरात सावरली, परंतु भरलेले जार शेजारी असताना ती तहानलेली राहिली होती, ही गोष्ट मी विसरू शकलेले नाही. तेव्हापासून पिण्याच्या पाण्याइतकाच स्वच्छतागृहाच्या पाण्याचा हिशेब मी काटेकोरपणे मांडते.

आपल्यासाठी तो हिशेब असा होईल. साडेतीन तासांत प्रत्येक मुलाला सव्वा लिटर पिण्याचे पाणी धरले तर चाळीस मुलांना पन्नास लिटर लागतील, म्हणजे वीस लिटरचे तीन जार. मोठ्यांसाठी आणि ऐनवेळेसाठी चौथा जार राखून ठेवावा. हात धुणे आणि स्वच्छतागृह यांसाठी मिळून प्रत्येक मुलामागे पाच लिटर धरले तर रोज दोनशे लिटर, म्हणजे एक मोठे बॅरल. पाणी चार दिवसांनी येणार असेल तर किमान आठशे लिटरचा साठा हाताशी हवा. टाकीची क्षमता विचारून घ्यावी, ती टाकी आणखी कोण वापरते हेही विचारावे आणि टँकरवाल्याचा क्रमांक आधीच घेऊन ठेवावा. पिण्याचे पाणी मातीच्या माठांत भरून ठेवले तर मुले ते आवडीने पितात. बाजारात मिळणाऱ्या लादीच्या बर्फाचा तुकडा त्यात कधीही टाकू नये. तो पिण्यायोग्य पाण्याचा असेलच असे नाही. आणखी एक गोष्ट: ‘तहान लागली तर पाणी पी’ असे मुलांना सांगून भागत नाही, कारण खेळात ती विसरतात. दर अर्ध्या तासाने घंटा वाजवून सर्वांनी एकत्र पाणी प्यायचे, असा नियमच करावा.

उन्हाचा त्रास ओळखण्यासाठी मदतनिसांना एक दिवस बसवून शिकवावे. दंगा करणारे मूल अचानक गप्प होऊन कोपऱ्यात बसले, डोके दुखते म्हणाले, मळमळते म्हणाले, तर त्याला लगेच सावलीत आडवे करून, कपडे सैल करून ओआरएसचे पाणी घोट घोट द्यावे. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात विरघळवायची असते. पेल्यात अंदाजाने थोडी थोडी टाकू नये. ओआरएससारखी दिसणारी फळांच्या चवीची गोड पेये ही त्याची जागा घेऊ शकत नाहीत. मूल असंबद्ध बोलू लागले, शुद्ध हरपू लागली, अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात समजावा: तोंडात काहीही न घालता अंगावर पाणी ओतत, वारा घालत, मान, काखा आणि जांघांत थंड पट्ट्या ठेवत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तापाची गोळी येथे उपयोगी पडत नाही.

मदतनिसांविषयी आपण काहीच लिहिलेले नाही. तिघींवर चाळीस मुले सांभाळणे शक्य नाही. सहा ते आठ वर्षांच्या आठ मुलांमागे एक आणि त्याहून मोठ्या दहा मुलांमागे एक मोठी व्यक्ती असे प्रमाण मी ठेवते, म्हणजे आपल्याला आणखी किमान दोघी लागतील. महाविद्यालयातील विद्यार्थी उत्साहाने होकार देतात, परंतु त्यांच्या परीक्षा अनेकदा मे महिन्यापर्यंत लांबतात. वेळापत्रक पाहिल्याशिवाय त्यांना गृहीत धरू नये. दहावीची परीक्षा मार्चमध्ये आटोपलेली मुले-मुली मात्र फार उपयोगी पडतात. त्यांच्याकडे मोकळा वेळ असतो आणि लहान मुले त्यांच्याभोवती जमतात. तीही अजून अठराच्या आतलीच आहेत, हे लक्षात ठेवून त्यांना वरच्या प्रमाणात मोजू नये.

मुलांच्या सुरक्षिततेचे नियम पहिल्याच बैठकीत सर्व मदतनिसांना वाचून दाखवावेत, आपली ओळख कितीही जुनी असली तरीही. कोणतीही मोठी व्यक्ती एकट्या मुलासोबत बंद खोलीत थांबणार नाही, मुलींना स्वच्छतागृहाकडे महिला मदतनीसच नेईल, आणि एखाद्या मुलाने काही सांगितले तर ते आपापसात मिटवले जाणार नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार (बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) अशा अत्याचाराची माहिती मिळाल्यावर ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. १०९८ हा बालकांसाठीचा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावा. नावनोंदणीच्या अर्जात दोन दूरध्वनी क्रमांक, दमा किंवा फिट येण्याचा इतिहास, चालू औषधे, कशाची ॲलर्जी (आपल्याकडे खाऊत शेंगदाणा सर्रास असतो, म्हणून तो वेगळा विचारावा) आणि मुलाला न्यायला येऊ शकणाऱ्यांची नावे एवढे हवेच. यादीत नाव नसलेला काका दारात उभा राहिला तर आईशी बोलल्याशिवाय मूल सोडू नये. तो रागावला तरी चालेल.

खाऊ साधा ठेवावा: केळे, राजगिऱ्याचा लाडू, गूळ-शेंगदाणे, चुरमुऱ्यांचा चिवडा. मोड आलेल्या कडधान्याची उसळ पौष्टिक असली तरी त्या उष्णतेत लवकर आंबते. लिंबू सरबत तिथल्या तिथे करून द्यावे.

आता उपक्रम. आपल्या यादीत बाजारातून संच आणून करायच्या हस्तकला बऱ्याच आहेत. त्यांतील निम्म्या कमी करून त्या जागी विणकाम घ्यावे, अशी माझी मनापासून विनंती आहे. पुठ्ठ्याच्या दोन्ही टोकांना एकेक सेंटीमीटरवर खाचा पाडून उभे धागे ताणले की माग तयार होतो. उभा तो ताणा, आडवा तो बाणा, आणि आडवा धागा ओवून नेणारी पुठ्ठ्याची पट्टी हाच धोटा. सहा वर्षांचे मूलही तीन दिवसांत तळहाताएवढी पट्टी विणते. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या या शहरात उरलेले रंगीत सूत मागायला गेले तर यंत्रमागवाले सहसा नाही म्हणत नाहीत. एका वर्षी शहराच्या पूर्व भागातली एक मुलगी तीन दिवस एक शब्दही बोलली नव्हती. तिच्या घरी तेलुगू बोलतात आणि मराठीत बोलायला ती लाजत होती. विणकामाच्या दिवशी तिने सगळ्यांच्या आधी गाठ मारून दाखवली आणि त्यानंतर शेजारच्या मुली तिलाच विचारू लागल्या. आपल्या शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी मुले एकाच रांगेत बसतात, म्हणून मदतनिसांमध्ये यांपैकी किमान एक भाषा जाणणारी व्यक्ती असावी आणि पहिल्या दोन दिवसांत शब्दांवर अवलंबून नसलेले खेळ घ्यावेत.

सहल एकच ठेवावी आणि जवळची ठेवावी. नान्नजचे माळरान, म्हणजे माळढोक पक्ष्यांचे अभयारण्य, मे महिन्यात लहान मुलांसाठी योग्य नाही. सावली नाही, आणि माळढोक दिसेल असे आश्वासन तर कोणालाही देऊ नये. त्याऐवजी भैय्या चौकाजवळचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे स्मारक दाखवावे. १९१० मध्ये सोलापुरात जन्मलेला हा डॉक्टर १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेला आणि जखमी सैनिकांवर उपचार करता करता १९४२ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिथेच वारला. आपल्याच गावातल्या त्याच्या घराच्या अंगणात उभे राहून ही हकिकत ऐकताना मुले फार प्रश्न विचारतात; उत्तरांची तयारी ठेवावी. उघडण्याची वेळ आधी जाऊन विचारून यावी, आणि वाहनात मुले मोजूनच बसवावीत, मोजूनच उतरवावीत.

तारखांबाबत एवढेच, की शाळांचे निकाल लागल्यानंतरचे तीन-चार दिवस जाऊ द्यावेत आणि शिबिर पंधरा मेच्या आत संपवावे. त्यानंतर मुले लग्नांना आणि मामाच्या गावाला जातात. चाळीसपैकी आठ-दहा मुले मधूनच गळतील हे गृहीत धरून साहित्य आणावे आणि शुल्क परत करण्याचा नियम अर्जावरच छापावा.

फेब्रुवारी संपण्याआधी जागेची पाहणी करून टाकी किती लिटरची आहे आणि आपल्या भागात पाणी कोणत्या दिवशी येते, हे मला कळवलेत, तर बॅरल किती लागतील याचा हिशेब आपण दोघी मिळून पुन्हा करून पाहू.