गावातलं देशी दारूचं दुकान बायांच्या मतदानानं बंद होते का, आणि दारू सोडणाऱ्याला सरकारची काही मदत भेटते का?

हो ताई, दोन्ही होते. दुकानासाठी २००८ चा सरकारी आदेश आहे, गावातल्या २५ टक्के महिला मतदारांच्या सह्या घेऊन राज्य उत्पादन शुल्कच्या जिल्हा ऑफिसात निवेदन द्यायचं, मग सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान लागते, उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या अन् आडवी म्हणजे बंद. मी यवतमाळकडच्या बचत गटांसोबत हे काम केलं आहे म्हणून सांगतो, सगळ्यात जास्त घोळ सह्यांत होते, मतदार यादीतलं नाव अन् सहीतलं नाव जुळलं नाही तर ती सही बाद, म्हणून यादी हातात घेऊनच घरोघरी फिरा, आणि मतदान शेतीच्या कामाच्या दिवसात आलं तर बाया वावरातून येतच नाहीत, अन् आडवीला एकूण यादीच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात, नुसत्या आलेल्यांच्या नाही, त्यामुळं एकेकीला बोलवून आणा. दारू सोडायची असेल त्याच्यासाठी १४४४६ ही सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, जवळचं व्यसनमुक्ती केंद्र तिथूनच विचारा. राज्याचं व्यसनमुक्ती धोरण २०११ पासून आहे, या कामात झटणाऱ्यांना पुरस्कारही देतात. फक्त एक ध्यानात ठेवा, आडवी बाटली लायसनवाल्या दुकानालाच लागू होते, मोहाच्या हातभट्टीला नाही. तिच्यासाठी ठाण्यात लेखी तक्रार द्या अन् पोच घ्याच, वर्धा-गडचिरोलीत तर पूर्ण जिल्ह्यात दारूबंदी आहे तरी चोरून विक्री चालतेच.