कमी खर्चात फिशटँकमधल्या झाडांसाठी लाइट कसा बदलावा?

तुम्ही लिहिलंय की टाकी दोन फुटी आहे, झाकणात जुनी 18 वॅटची ट्यूब आहे, मासे मजेत आहेत, पण व्हॅलिसनेरिया खुरटलीय आणि ॲमेझॉन स्वोर्डची पानं पिवळी पडतायत. झाडांसाठी म्हणून विकले जाणारे दिवे परवडत नाहीत, तर साधा एलईडी चालेल का, हा तुमचा प्रश्न.

चालेल, बिनधास्त चालेल. दिवा कुठल्या कामासाठी म्हणून विकला गेलाय याच्याशी झाडाला काही देणंघेणं नसतं. पानावर किती प्रकाश पडतो आणि किती तास पडतो, एवढाच त्याचा हिशोब. म्हणून पैसे टाकायचे ते लुमेनवर, म्हणजे दिवा देतो त्या प्रकाशावर, आणि एका टाइमरवर.

पण खरेदीच्या आधी दोन गोष्टी तपासा, फुकटात होतात. टाकीवरची काच काढून उजेडात धरा. वाफ वाळून वाळून तिच्यावर क्षारांचा पांढरट थर बसलेला असतो आणि तो बराच प्रकाश खातो. व्हिनेगरने घासून काढा आणि नीट धुऊन मगच परत ठेवा. दुसरं, ट्यूब पेटते म्हणजे ती चांगली आहे असं नाही. जुनी होईल तसा तिचा प्रकाश हळूहळू उतरतो, आणि आपण रोज बघत असल्यामुळे ते डोळ्याला कळत नाही. शिवाय ट्यूब चारही बाजूंना प्रकाश फेकते. वर गेलेला प्रकाश काळ्या झाकणातच जिरतो.

स्वोर्डबद्दल मात्र मला वेगळीच शंका आहे. या झाडाची मुळं फार खादाड असतात आणि नुसत्या रेतीत ते उपाशी राहतं. नवीन पान फिकट, पण शिरा हिरव्या दिसत असतील तर बहुधा लोह कमी पडतंय. जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नायट्रोजन, आणि त्यांना बारीक भोकं पडत असतील तर पोटॅशियम. अशा वेळी कितीही भारी दिवा लावला तरी पान सुधारणार नाही. मुळाशी खताची गोळी खोचावी लागेल. प्रकाश खरंच कमी असल्याची खूण खोडाच्या झाडांवर स्पष्ट दिसते: दोन पेरांमधलं अंतर वाढतं, झाड वरवर ताणत जातं आणि खालची पानं गळतात.

आता हिशोब. पूर्वी एका गॅलनला अमुक वॅट असा नियम सांगायचे. तो ट्यूबच्या जमान्यातला आहे, एलईडीला लावू नका. वॅट म्हणजे वीज किती खाल्ली; प्रकाश लुमेनमध्ये मोजतात आणि तो आकडा खोक्यावर छापलेला असतो. ढोबळमानाने एका लिटरला 10 ते 20 लुमेन म्हणजे कमी प्रकाश, 20 ते 40 मध्यम, त्याच्या वर जास्त. दोन फुटी टाकीत रेती-दगड वजा जाता साधारण 55 लिटर पाणी धरू. तुमच्या झाडांना 25 ते 30 लुमेन भरपूर झाले, म्हणजे एकूण 1,400 ते 1,650. टाकी दीड फुटापेक्षा खोल असेल तर थोडं वाढवा, कारण झाडं तळाशी असतात आणि तिथे पोचेपर्यंत प्रकाश विखुरतो.

रंगाची फार चिंता नको. 6,500 केल्विनचा (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेचं माप) पांढरा दिवा घ्या, 5,000 असला तरी बिघडत नाही. हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश जास्त शोषतं हे खरं, म्हणून जांभळे दिवे निघाले. पण पांढऱ्या एलईडीत निळा असतोच आणि त्यावरच्या फॉस्फरच्या थरामुळे लालही मिळतो. जांभळ्या उजेडात झाड वाढेल, पण मासे बघवणार नाहीत. सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, 80 च्या पुढे असेल तर रंग छान उठून दिसतात.

माझी पसंती घराबाहेर लावतात त्या छोट्या एलईडी फ्लड लाइटला. एक मोठा घेण्यापेक्षा 10 वॅटचे दोन घ्या. एकच दिवा मधोमध लावला की त्याच्याखालचं झाड फोफावतं आणि कोपऱ्यातलं तसंच राहतं. फोनवर लक्स (एखाद्या जागी किती प्रकाश पडतो ते) मोजणारं ॲप टाकून हे बघता येतं: दिवा टेबलावर टाकीइतक्या उंचीवर धरा आणि फोन खाली मधून कडेकडे सरकवत न्या. आकडा अचूक नसेल, पण कडेला तो किती पडतो ते लगेच दिसतं. असे दोन दिवे मिळून साधारण 1,800 ते 2,000 लुमेन देतात, म्हणजे गरजेपेक्षा थोडे जास्तच. ते टाकीच्या वर वीतभर उंचीवर टांगा, म्हणजे प्रकाश पसरतो आणि जोरही कमी होतो. बंद झाकणात कोंबू नका. त्यांच्या धातूच्या पाठीला हवा लागते, नाहीतर एलईडी लवकर जातात. उघड्यावर टांगलेला दिवा डोळ्यावर येत असेल तर पुढून पट्टी लावा.

झाकण तसंच ठेवायचं असेल तर ट्यूबच्या जागी एलईडी ट्यूब बसते, पण जुना चोक आणि स्टार्टर तिला चालतो की काढावा लागतो हे ट्यूबच्या प्रकारावर असतं. वायरिंग बदलायचं असेल तर इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

विजेच्या बाबतीत मी हट्टी आहे. अशा दिव्यांवर आयपी 65 असा पाण्या-धुळीपासूनच्या संरक्षणाचा दर्जा लिहिलेला असेल, तर त्याचा अर्थ पाण्याचे फवारे चालतात. दिवा पाण्यात पडलेला चालत नाही. म्हणून तो पक्का बांधा आणि टाकीवरची काच काढू नका. वायर सॉकेटकडे नेताना आधी खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब झोळाच्या तळातून खाली पडतो, सॉकेटपर्यंत जात नाही. टाकीत हात घालण्यापूर्वी सगळं बंद करा.

आता टाइमर. नवा दिवा लावल्यावर सुरुवातीला रोज सहाच तास ठेवा. प्रकाश वाढला की झाडाला कार्बन आणि खतही जास्त लागतं. ते मिळालं नाही की झाड थांबतं, आणि थोडक्यात भागवणारं शेवाळ पुढे जातं. काचेवर हिरवा थर धरत नसेल तर दर आठवड्याला अर्धा तास वाढवा, पण आठ तासांच्या पुढे जाऊ नका. शेवाळ आलंच तर आधी तास कमी करा. औषध ओतायची घाई नको. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर तेही या हिशोबात धरा.

कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर लावणार नसाल तर लाल रोटाला किंवा जमिनीवर गालिचा पसरणाऱ्या झाडांच्या नादी लागू नका. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिनी आणि तुमची व्हॅलिसनेरिया एवढ्या प्रकाशात छान वाढतात. अनुबियास मात्र दिव्याच्या थेट खाली लावू नका. त्याची पानं सावकाश वाढतात, म्हणून शेवाळ आधी त्यांच्यावरच बसतं. आणि परिस्थिती बदलली की क्रिप्टोकोरिनीची पानं कधी कधी विरघळून जातात. तेव्हा झाड उपटून टाकू नका, मूळ शाबूत असेल तर पुन्हा फुटतं.

फरक पडला की नाही हे नव्या पानावर बघा. जुनं पिवळं पान सहसा परत हिरवं होत नाही, ते बुडापासून कापून काढलेलं बरं. काही आठवड्यांनी नवीन पानं मोठी आणि गडद येऊ लागली तर दिवा पुरेसा आहे, आणखी लुमेन घेऊ नका.