एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये खेळलेला, गोरा नसलेला पहिला खेळाडू कोण?

बहुतेक जण अर्ल लॉइड किंवा चक कूपर यांचं नाव घेतील. १९५० साली लीगमध्ये उतरलेले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून ती नावं बरोबरच आहेत. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर वातारू मिसाका. १९४७ मध्ये ते न्यूयॉर्क निक्स या संघाकडून खेळले. लीगचं नाव तेव्हा बीएए होतं, पुढे तिचीच एनबीए झाली.

मिसाका अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या ऑग्डनचे. आईवडील जपानहून आलेले; वडिलांचं सलून आणि त्याच्याच तळघरात बिऱ्हाड. मिसाका १५ वर्षांचे असताना वडील गेले. आईला मुलांना घेऊन हिरोशिमाला परतायचं होतं, पण मिसाकांनी साफ नकार दिला, मग आईही राहिली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या लाखाहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं गेलं. यूटा त्या पट्ट्याबाहेर, म्हणून मिसाका कॉलेजात खेळत राहिले. तशीच एक छावणी, टोपाझ, त्यांच्याच राज्यात होती.

१९४४ मध्ये मिसाकांच्या यूटा विद्यापीठाने डार्टमथला ४२-४० असं हरवून एनसीएए ही अमेरिकी कॉलेजांची स्पर्धा जिंकली. मिसाका विजयी होऊन परतले, तर आईच्या हातात सैन्यभरतीचं बोलावणं! पुढे सैन्याने त्यांना पाठवलं ते हिरोशिमालाच, अणुबॉम्बमधून वाचलेल्यांच्या मुलाखती घ्यायला. मुलांना आई जिथे नेणार होती, तिथे ते अमेरिकी गणवेशात पोचले. हे वाचून मी बराच वेळ सुन्न झालो होतो.

परतल्यावर पुन्हा यूटाचा संघ. १९४७ च्या एनआयटी या कॉलेज संघांच्या दुसऱ्या मोठ्या स्पर्धेची अंतिम लढत, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, समोर बलाढ्य केंटकी. त्यांचा हुकमी गार्ड राल्फ बियर्ड याला रोखायची जबाबदारी ५ फूट ७ इंचांच्या मिसाकांवर. अख्ख्या सामन्यात बियर्डला मिळाला फक्त एक गुण! यूटा ४९-४५ ने जिंकलं, आणि निक्सने त्यांना निवडलं.

तिथे मात्र तीन सामने, सात गुण आणि संघातून सुट्टी. त्याचं खापर मिसाकांनी वर्णद्वेषावर फोडलं नाही. फक्त हे आकडे बघून त्यांना 'नावापुरता पहिला' म्हणणाऱ्यांशी मी नेहमी भांडतो. बियर्डला रोखणारा माणूस नावापुरता नव्हता. हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या प्रदर्शनी सामने खेळणाऱ्या बास्केटबॉल संघाने बोलावलं, तेही त्यांनी नाकारलं आणि इंजिनिअरिंग पूर्ण करायला यूटा गाठलं. पुढे सॉल्ट लेक सिटीत इंजिनिअर म्हणून नोकरी केली. २०१९ मध्ये, ९५ व्या वर्षी ते गेले.