आधीचे ससे, नंतरचे ससे

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

प्राण्यांच्या उत्क्रांतीच्या अभ्यासासाठी कुठलं सॉफ्टवेअर आधी शिकू, असं तू विचारलंस. ते जमेल तुला. त्याआधी ऑस्ट्रेलियातल्या सशांवरचं काम बारकाईनं वाच.

सशांचा उच्छाद आवरायला तिथे 1950 मध्ये सशांना मारणारा मिक्सोमा विषाणू सोडला. सुरुवातीला लागण झालेला ससा क्वचितच वाचे. थोड्याच वर्षांत जास्त वाचू लागले. मग विषाणू मवाळ झाला की ससे चिवट झाले? विषाणूशास्त्रज्ञ फ्रँक फेनर आणि सहकाऱ्यांनी हे दोन प्रश्न वेगळे केले. रानातून मिळालेले नवेनवे विषाणू त्यांनी प्रयोगशाळेतल्या, रोग कधीच न पाहिलेल्या सशांना टोचले. आणि उलट बाजूनं, साथीमागून साथी सोसलेल्या भागातले, पण स्वतः लागण न झालेले ससे पकडून त्यांना तोच एक ठरलेला विषाणू दिला. लेक उराना भागातल्या सशांमध्ये मृत्यूचं प्रमाण 90 टक्क्यांवरून 26 टक्क्यांवर आलं. विषाणूही बदलला होता, ससेही. एक बाजू स्थिर धरून दुसरी मोजायची, हे मला आजही फार मोलाचं वाटतं.

त्यामागची जनुकं हाती यायला 2019 उजाडलं. संग्रहालयांत जपलेल्या, साथीच्या आधीच्या सशांचा डीएनए आजच्या सशांशी ताडून पाहिला. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, फ्रान्स, तिन्हीकडे जनुकांचे तेच प्रकार वाढलेले निघाले. त्यात विषाणूला अटकाव करणाऱ्या इंटरफेरॉन या प्रथिनाचं एक जनुकही होतं. एका ठिकाणी एखादा प्रकार निव्वळ योगायोगानंही वाढतो. तीन देशांत तोच वाढला, तर योगायोग म्हणणं अवघड.

म्हणूनच तुझ्या मसुद्यातलं 'नैसर्गिक निवड झाली' हे वाक्य मला घाईचं वाटतं. तुझ्याकडे एकच जंगल आहे. ओडिशातल्या सिमिलिपाल जंगलातले काळे वाघ आठव. जीवशास्त्रज्ञ उमा रामकृष्णन यांच्या गटानं 2021 मध्ये तो रंग एका जनुकातल्या बदलाशी जोडला, पण तो तिथे इतका पसरण्यामागे लहान, एकाकी पडलेली संख्या आणि योगायोग हेच कारण त्यांना पुरेसं दिसलं.

तुलनेसाठी 'आधीचं' काही शोध. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं (बीएनएचएस) 1911 पासून सस्तन प्राण्यांचं मोठं सर्वेक्षण केलं होतं. त्यांच्या संग्रहात तुझी प्रजाती आहे का, ते विचार. कातडं मिळालं तर आधी त्याला बांधलेली चिठ्ठी वाच. ठिकाण आणि तारीख नसेल तर तो नमुना तुझ्या कामाचा नाही. आणि तू स्वतः गोळा केलेल्या प्रत्येक कुपीवर या दोन्ही गोष्टी आजच लिही, पेन्सिलनं; स्पिरिट सांडलं की पेनची शाई जाते.

तुझा,
सर